यंत्राचा हेतू

यंत्राला स्वतःचा हेतू असू शकतो काय, हा प्रश्न आजचा नव्हे. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक 'तुर्क' सादर केला. लोक थक्क झाले. पण त्याच्या पेटीत एक पटाईत खेळाडू दडलेला असे.

१९९७ साली 'डीप ब्ल्यू' या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले, तेव्हा त्यालाही पडद्याआड माणूस असल्याचा संशय आला. या वेळी मात्र आत कोणी नव्हते. यंत्राची पुढची खेळी त्याच्या कर्त्यांनाही आधी सांगता येत नसे. तरी जिंकायचे, हे यंत्राने ठरविले नव्हते. ते माणसांनी त्यास नेमून दिले होते.

म्हणून, 'यंत्रानेच तसे ठरविले' असे कोणी सांगू लागला, की आम्ही एवढेच विचारू : त्याला तो हेतू दिला कोणी?