सुईणीपासून आशाताईपर्यंत : बाळंतिणीच्या उशाशी कोण बसलं?



इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि राजे आठवतात. आज आम्ही तुम्हाला वेगळा इतिहास सांगणार आहोत. तो घराघरात घडला, पण पुस्तकात फारसा आला नाही. बाई अडली तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं, तिच्यासाठी कोण धावलं आणि सरकार तिच्या दारात कधी पोहोचलं, त्याचा हा इतिहास.

कळंब, नेरळ, कशेळे, खांडस या बाजूच्या वाड्यांवर साठी ओलांडलेल्या बायकांना विचारा, तुमचा जन्म कुठे झाला? बहुतेक जणी सांगतील, घरातच. आणि सोडवायला कोण होतं? सुईण. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर ती वाडीतलीच कुणी जाणती बाई असायची. गावठाणात हे काम पुष्कळदा अशा जातीच्या बाईकडे असायचं, जिला एरवी ओटीवरही येऊ देत नसत. बाळंतपणाला तीच हवी आणि एरवी तिचा विटाळ, असा आपला न्याय होता. तिला मोबदला काय, तर सूपभर तांदूळ, एखादं लुगडं, पाचवीचं जेवण.

सुईणीला पुष्कळ कळत होतं. पोटाला हात लावून बाळ आडवं आहे की सरळ, हे ती सांगायची. कळा येणाऱ्या बाईला फिरवायची, पाठ चोळायची, धीर द्यायची. बाळंतीण एकटी पडायची नाही. पण तिच्या हातात काय नव्हतं, हेही बोललं पाहिजे. वार अडकून रक्त वाहू लागलं, बाईला झटके आले किंवा मूल आडवं अडकलं, तर तिच्याकडे उपाय नव्हता. विळ्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वाताचा धोका असे. मग गाव म्हणायचं, सटवाईने लिहिलं होतं.

हे सटवाईचं लिहिणं नाही, हे बदलता येतं, असं म्हणणारी एक मुलगी आपल्याच रेल्वेमार्गावरच्या कल्याणमध्ये १८६५ साली जन्मली. ती आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांना बाई डॉक्टर हवी म्हणून ती १८८३ मध्ये अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिथे तिने प्रबंध लिहिला तोही प्रसूतीशास्त्रावर. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली. तिला प्रत्यक्ष काम करायला मिळालं नाही, पण बाळंतपण हा शिक्षणाचा विषय आहे, हे तिने दाखवून दिलं.

१९०३ मध्ये व्हाइसरॉयची पत्नी लेडी कर्झन हिने दायांना शिकवण्यासाठी एक निधी उभारला. त्या काळचे साहेब आणि डॉक्टर सगळा दोष दाईवर ढकलायचे. ती घाणेरडी, ती अडाणी. पण ज्या घरात दोन वेळचं अन्न नाही, प्यायला स्वच्छ पाणी नाही आणि दवाखाना दिवसभराच्या वाटेवर आहे, तिथे दाई एकटी काय करणार, हे कुणी विचारलं नाही.

अन्न आणि विश्रांती यांचा प्रश्न आला तो मुंबईच्या गिरण्यांमधून. गिरणीत बाई दिवस भरेपर्यंत उभी राहायची आणि बाळंत झाली की मजुरी बंद. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात यावर विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये कायदा झाला. आपल्या देशातला तो असा पहिला कायदा.

पण तो कारखान्यातल्या बाईपुरता होता. भात लावणारी, मोळी विकणारी, वीटभट्टीवर माती मळणारी बाई त्यात नव्हती. १९६१ मध्ये देशभरासाठी कायदा आला, तोही नोकरी असणाऱ्या बाईसाठी. नोकरी नसलेल्या प्रत्येक गरोदर बाईला पैशाची मदत हा हक्क आहे, असं २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने म्हटलं. गिरणीच्या दारातून आपल्या दारात यायला ८४ वर्षं लागली!

कायदा येईपर्यंत लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. १९७० च्या दशकात अलिबागजवळ मांडव्याला डॉ. नोशीर अंटिया यांनी गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायका ते नीट करू शकतात, हे तिथे दिसलं. आपल्या कशेळ्याला अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाड्यांवर धान्यकोष सुरू केले. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की कोषातून न्यायचं, भात आलं की थोडं वाढवून परत करायचं. हे आरोग्याचं काम वाटणार नाही, पण श्रावण-भादव्यात सात महिन्यांच्या गरोदर बाईच्या ताटात काय पडतं, त्यावरच तिचं रक्त आणि बाळाचं वजन ठरतं.

तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासायच्या, त्याला ऊब द्यायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये हे जगापुढे आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा येते, त्याची मुळं तिथे आहेत.

आशाताई आणि जननी सुरक्षा योजना दोन्ही २००५ साली आल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत झाली. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये एक लाख बाळंतपणांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. दवाखान्याने माता वाचवल्या, यात शंका नको.

पण या वाटेवर एक गोष्ट मागे राहिली. सुईणीला सरकारने आधी शिकवलं, पेटी दिली, आणि दवाखाने वाढल्यावर तिला नको म्हटलं. तिचं काम नर्सबाईंनी घेतलं ते बरंच झालं. पण उशाशी बसून धीर देण्याचं काम कुणी घेतलं? अनोळखी खोलीत, आपली बोली न समजणाऱ्या माणसांत, कुणी खेकसलं तर गप्प राहणारी कातकरी पोर पुढच्या खेपेला दवाखान्यात जायचं टाळते. मग उशीर होतो आणि उशिरानेच जीव जातो.

हे फक्त आपल्याकडे झालं असं समजू नका. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या समाजातही अशाच सुईणी होत्या. गोऱ्या बायकांचीही बाळंतपणं त्या करायच्या. १९२१ नंतर सरकारी नर्सांनी त्यांना शिकवलं, परवाने दिले, त्यांच्या पिशव्या तपासल्या आणि पुढे त्यांना बाजूला सारलं. इतक्या श्रीमंत देशात २०२१ साली एक लाख बाळंतपणांमागे काळ्या माता जवळजवळ ७० दगावल्या, गोऱ्या माता २७ च्या आत. दवाखाने होते, पण दुखतंय असं त्या सांगत तेव्हा त्यांचं ऐकलं जात नव्हतं. म्हणून तिथल्या काळ्या बायकांनी गट बांधले. ते गरोदर बाईला सोबतीण देतात. ती दवाखान्यात बरोबर जाते, प्रश्न विचारते, हात धरून बसते, बाळंतपणानंतर घरी येते. डॉक्टरचं काम ती करत नाही, ती सुईणीचं उरलेलं काम करते.

हे काम आपले बचत गट करू शकतात. २०१६ पासून केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी घरची एक अनुभवी बाई सोबत ठेवायला मान्यता दिली आहे. ते विचारून घ्या. गटाच्या बैठकीत गरोदर बायकांची यादी करा. कळंबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं नाव पहिल्या तीन महिन्यांत नोंदवा. दिवाळीनंतर ती भट्टीवर जाणार असेल तर माता-बाल कार्ड तिच्या गाठोड्यात आहे ना ते बघा आणि भट्टीजवळच्या दवाखान्याचं नाव आशाताईकडून लिहून घ्या. पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी आधार आणि बँक खातं आधीच तयार ठेवा. पावसात वाडीचा रस्ता तुटतो, तेव्हा दिवस भरत आलेल्या बाईला आठवडाभर आधीच रस्त्याकडच्या नातेवाइकांकडे आणा. १०२ आणि १०८ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि अंगावरून जास्त रक्त जाणं, झटके, डोळ्यांपुढे अंधारी, पाणी जाऊनही कळा न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

तुमच्या वाडीत एखादी जुनी सुईण अजून असेल तर तिला पुढच्या बैठकीला बोलवा. तिने किती बाळं हातावर घेतली आणि कोणत्या वेळी हात टेकले, ते तिच्याच तोंडून ऐका आणि लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात आमच्या बाजूच्या वाड्यांवरून अशा गोष्टी आम्ही रेडिओवर वाचणार आहोत. तुमचीही धाडा.