अजागळ

काही शब्द आम्ही शिक्षकमंडळी खडूच्या तुकड्यासारखे वापरतो; हाती आला की मारला फेकून. ‘अजागळ’ हा त्यांतलाच. सदऱ्याची गुंडी तुटलेली, दप्तर गुडघ्याशी लोंबते आहे, असा मुलगा वर्गात शिरला की हा शब्द माझ्या तोंडून निघालाच म्हणून समजा. माझ्या कादंबऱ्यांतल्या पात्रांनाही मी तो सढळ हाताने वाटला आहे.

पण या शब्दाचे कुळ शोधू जावे, तर ते गोठ्यात निघते! ‘अजा’ म्हणजे शेळी, ‘गल’ म्हणजे गळा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली बोटाएवढे दोन मांसल लोलक लोंबतात. दिसायला सडासारखे, पण पिळून दुधाचा थेंब यायचा नाही. संस्कृत पंडितांनी ते हेरले आणि ‘अजागलस्तन’ हा निरुपयोगाचा दाखलाच करून टाकला. धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांतले एकही ज्याला लाभले नाही त्याचा जन्म या स्तनासारखा व्यर्थ, असे हितोपदेश सांगतो. मराठीत येताना ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि ‘स्तन’ गळून पडला. म्हणजे सारा अर्थ ज्याला टांगलेला, नेमके तेच गेले. उरला नुसता शेळीचा गळा, आणि अर्थही ‘निरुपयोगी’वरून ‘गबाळा, बावळट’ याकडे सरकला.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला. सातपुड्यातले धडगाव त्यातच येते. तिकडच्या एका पाड्यावरचा मुलगा माझ्या वर्गात होता. एके दिवशी ही व्युत्पत्ती मी मोठ्या ऐटीत सांगितली. तो उभा राहिला.

“गुरुजी, ते बिनकामाचं नाही.”

“मग काय काम करते रे?”

“आमच्या शेळ्या समद्या काळ्या. रात्री गळ्याला हात लावतो. ते लागलं, की ती माझी.”

वर्ग हसला नाही. मीही गप्प झालो. सुभाषितकाराने शेळी पाहिली होती खरी. राखली मात्र नसावी.

त्याच मुलाच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात मी ‘अजागळ’ लिहून ठेवले होते. दिवाळीच्या सुटीला तो गावी निघण्यापूर्वी मी ते मागून घेतले आणि शब्द खोडला. त्या जागी काय लिहावे, हे मात्र बराच वेळ सुचेना.