वेदनेचे यंत्र आणि मिठाच्या पाण्याची त्वचा

१९४७ साली मद्रासजवळच्या चेंगलपेट येथील कुष्ठधामात पॉल ब्रँड नावाचे तरुण शल्यविशारद रुग्णांचे हात पाहत होते. आखडलेल्या बोटांच्या एका रुग्णाच्या हातात त्यांनी आपला हात दिला आणि जमेल तितक्या जोराने दाबायला सांगितले. पकड दुबळी असेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या पकडीने ब्रँड वेदनेने कळवळले. रुग्णाला मात्र आपण किती जोर लावत आहोत याची कल्पनाच नव्हती.

ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांतला; १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करीत होते. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते आणि बोटे झडतात, असा समज तेव्हा डॉक्टरांमध्येही रूढ होता. ब्रँड यांच्या निरीक्षणातून वेगळेच चित्र पुढे आले. रोगजंतू परिघीय मज्जातंतू निकामी करतात, स्पर्श व वेदना नाहीशा होतात, आणि पुढची हानी रोजच्या साध्या कामांतून होत जाते. गंजलेले कुलूप एका मुलाने किल्ली पिळून सहज उघडले; नंतर पाहावे तो त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले. रात्रीतून काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळले की झोपेत उंदीर ती कुरतडत होते. त्यावर वेल्लोरला रुग्णांना मांजरे देण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासात याहून स्वस्त आणि अचूक उपचार क्वचितच सापडेल.

पुढे १९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी अभियंत्यांच्या साह्याने एक धाडसी प्रकल्प हाती घेतला: वेदनेची कृत्रिम यंत्रणा. हातमोज्यांत आणि मोज्यांत दाब मोजणारे संवेदक बसवायचे आणि दाब धोक्याच्या पातळीला पोहोचला की रुग्णाला इशारा द्यायचा. हा प्रयत्न दोन ठिकाणी फसला. धातूचे संवेदक पुनःपुन्हा वाकून थकत, गंजत आणि मोडत. दुसरे अपयश अधिक बोलके होते. इशाऱ्याचा आवाज रुग्ण दुर्लक्षित करीत; म्हणून शरीराच्या संवेदनाक्षम भागाला विजेचा झटका देण्याची सोय केली, तर हातातले काम पुरे करण्यासाठी ते यंत्रच बंद करीत. अखेर प्रकल्प सोडून द्यावा लागला.

यांतील पहिल्या अपयशाचे मूळ पदार्थविज्ञानात आहे. धातूत विद्युतप्रवाह वाहून नेणारे इलेक्ट्रॉन असतात. ते चपळ खरे, पण त्यांचे घर ताठर. धातूची पट्टी दोनेक टक्के ताणली तरी तिचा आकार कायमचा बिघडू शकतो. त्वचा त्याहून कितीतरी अधिक ताणते आणि पूर्ववत होते. शिवाय तिच्यात धातूची तार कोठेच नाही. २०१० साली आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटाने पिझो नावाची प्रथिने शोधली. पेशीचे आवरण ताणले गेले की या प्रथिनांतील मार्ग उघडतो, धनभारित आयन आत शिरतात आणि मज्जातंतूत संदेश उमटतो. या कामासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. स्पर्श म्हणजे खाऱ्या पाण्यातील आयनांची हालचाल.

मग खाऱ्या पाण्याचाच संवेदक का करू नये? पाण्याला आकार देणारा पदार्थ उपलब्ध होता. ऑटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम या चेक रसायनशास्त्रज्ञांनी १९६० साली जैविक उपयोगांसाठी पाणी धरून ठेवणारी जेल सुचवली होती. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यांतूनच जन्माला आल्या. परंतु ही जेल ठिसूळ असत. २०१२ साली हार्वर्ड विद्यापीठातील झिगांग सुओ यांच्या गटाने मूळ लांबीच्या वीसपट ताणले जाणारे चिवट हायड्रोजेल तयार केले. पुढच्याच वर्षी तेथेच मिठाचे पाणी भरलेल्या पारदर्शक जेलपासून ध्वनिक्षेपक बनवला गेला. आयन संथ असतात हा जुना आक्षेप त्याने निकालात काढला, कारण माणसाला ऐकू येणारे सर्व स्वर तो वाजवू शकत होता.

२०१४ साली त्याच परिवारातून ‘आयनिक त्वचा’ आली. रचना विलक्षण सोपी आहे: खारट जेलचे दोन थर, मध्ये लवचीक विद्युतरोधक पापुद्रा. हे एक धारित्रच. ताणले किंवा दाबले की पापुद्रा पातळ होतो, क्षेत्रफळ वाढते आणि धारिता बदलते. एक टक्क्यापासून पाचशे टक्क्यांपर्यंतचा ताण या त्वचेने नोंदवला. एक किलोपास्कल, म्हणजे दहा सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, दाबही तिला कळला.

अडचणी अर्थात पाण्याच्याच होत्या. उघड्यावर जेल सुकते. त्यासाठी ओलावा धरून ठेवणारे लिथियम क्लोराइड वापरले गेले, किंवा पाणी वगळून न बाष्पणारे आयनिक द्रव. तापमान वाढले की आयनांचा वेग वाढतो, त्यामुळे ऊब आणि ताण यांची गल्लत होते. २०२० साली दक्षिण कोरियातील पोस्टेक आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी या दोषालाच कामाला लावले. आयनांना नव्या स्थितीत स्थिरावायला लागणारा वेळ तापमान सांगतो, ताणाने तो बदलत नाही; योग्य रीतीने मोजलेली धारिता ताण सांगते. एकाच थरातून दोन संवेदना वेगळ्या काढता आल्या.

ब्रँड यांचे दुसरे अपयश मात्र अजून पुरते उलगडलेले नाही. संवेदक कितीही मऊ झाला, तरी त्याचा संदेश माणसाला दुर्लक्षिता येणार नाही असा पोहोचवणे हा मेंदूशी जोडणीचा प्रश्न आहे. २०२३ साली स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने कृत्रिम त्वचेचे स्पंद उंदराच्या मेंदूपर्यंत नेले आणि त्याचा पाय हलवून दाखवला, तोही प्रयोगशाळेतच.

जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात, आणि मधुमेहामुळे तळपायांची संवेदना गमावणाऱ्यांची त्यात भर पडते. या पायांना सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळते ती वेल्लोर-करिगिरीच्या परंपरेतली सच्छिद्र रबराची मऊ चप्पल. सोबत एक सूचना असते: रोज तळपाय डोळ्यांनी तपासावा.