काचेचं ओझं कोणाच्या खांद्यावर

सहाशे मिलिमीटरची, एफ/४ ची लेन्स बनवायची म्हटली की एक भागाकार कोणाला चुकत नाही. सहाशेला चाराने भागलं की १५० येतात. म्हणजे प्रकाश आत यायचं दार निदान १५० मिलिमीटर रुंद हवंच. कंपनी जपानी असो की जर्मन, साल कुठलंही असो, तेवढ्या रुंदीची काच पुढे बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि काचेचा व्यास दुप्पट झाला, घडण तीच राहिली, की वजन आठपट होतं. संध्याकाळच्या उजेडात लांबचा पक्षी टिपायचा तर ही किंमत मोजावी लागते. लांब लेन्सच्या वजनाला बनवणाऱ्याची हयगय कारणीभूत नाही. ते वजन प्रकाशाच्या हिशोबातूनच येतं.

त्यामुळे फोटोग्राफीच्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांत खरा प्रश्न वजन नाहीसं करण्याचा नव्हताच. ते ठेवायचं कुठे, एवढाच होता. आणि या प्रश्नाची पहिली उत्तरं माणसांच्या पाठीवर लिहिली गेली आहेत.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेच्या पट्टीवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. मोजून काही मिनिटांचा खेळ. म्हणजे जिथे कॅमेरा, तिथे अंधारी खोली. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला तेव्हा त्याने एका दारूविक्रेत्याची घोडागाडी विकत घेऊन तिचीच अंधारी खोली केली होती. सोबत पाच कॅमेरे, ७०० काचा आणि ३६ पेट्या. क्रिमियात निदान चाकं चालत होती. हिमालयात तीही नाहीत.

सॅम्युएल बोर्न १८६३ च्या उन्हाळ्यात सिमल्याहून निघाला तो सुमारे तीस हमाल घेऊन. बारा इंच बाय दहा इंचांच्या काचा, मोठा कॅमेरा, लेन्स, रसायनांच्या बाटल्या, अंधारा तंबू, शिवाय साहेबाचा स्वतःचा संसार. पुढच्या वर्षी तो काश्मीरला गेला आणि १८६६ मध्ये स्पितीकडून गंगोत्रीपर्यंत. या तिसऱ्या मोहिमेत हमालांची संख्या ऐंशीच्या घरात होती. याच प्रवासात त्याने मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, कॅमेरा लावला. तिथली त्याची छायाचित्रं पुढे कित्येक वर्षं सर्वांत उंचावर घेतलेली छायाचित्रं म्हणून गणली गेली.

बोर्नच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. बर्फाच्या उजेडात, गोठणाऱ्या रसायनांनी, इतकी स्वच्छ काच उतरवणं हे आजही थक्क करणारं आहे. पण त्याने ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त लिहिलेले प्रवासलेख वाचताना दुसरी एक गोष्ट मनातून जात नाही. हमाल ओझं टाकून पळाले, नवे मिळेनात, गावच्या मुखियाला दमात घ्यावं लागलं, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. ते का पळाले असतील हे कळायला फार कल्पना लढवावी लागत नाही. काचेची पेटी डुगडुगू द्यायची नाही, बर्फात पाय घसरू द्यायचा नाही, आणि हे सगळं आपण न मागितलेल्या कामासाठी, घरची शेती सोडून. पहाडी मुलखात बेगारीची प्रथा मुरलेली होती. सरकारी माणूस किंवा साहेब आला की त्याचं ओझं गावाने वाहायचं. कुमाऊंच्या लोकांनी १९२१ च्या उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला, बेगारीच्या वह्या शरयू नदीत बुडवल्या, तेव्हा कुठे त्या भागात हा जाच थांबला. बोर्नच्या निगेटिव्हवर त्याचं नाव आणि क्रमांक नीट घातलेला असतो. त्या काचा वर चढवणाऱ्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. कॅमेऱ्याच्या वजनाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात यांच्यापासूनच करायला हवी, असं मला वाटतं.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली आणि पुढच्या दहा वर्षांत अंधारा तंबू घरी राहू लागला. ऐंशी माणसांचं ओझं दोन-तीन माणसांवर आलं. १८९१ मध्ये लंडनचा डॉलमायर, बर्लिनचा मीटे आणि म्युनिकचा श्टाइनहाइल यांनी, एकमेकांना न विचारता, जवळपास एकाच सुमारास टेलिफोटो लेन्स काढली. पुढे प्रकाश गोळा करणारी भिंगं, मागे तो थोडा पसरवणारी भिंगं, अशी जुळणी केली की नळी फोकल लांबीपेक्षा आखूड होते. लेन्स आखूड झाली, म्हणजे लांबचं लहान जनावर एकट्याने टिपण्याची आशा निर्माण झाली. आता तो भार एकाच माणसाच्या अंगावर येणार होता.

अंगावर म्हणजे नेमका कुठे? पहिलं उत्तर शिकाऱ्याकडून आलं. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये, टेलिफोटोच्याही आधी, उडत्या पक्ष्यांसाठी बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा बनवला. सेकंदाला बारा चित्रं. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला, डावा तळहात नळीखाली. भार तीन जागी वाटला गेला आणि पक्ष्यामागे वळणंही सोपं झालं. ही कल्पना पुढे शंभर वर्षं टिकली. जर्मनीच्या नोव्होफ्लेक्सने पिस्तुलासारखी मूठ दाबून फोकस होणारी लेन्स आणि तिच्यासाठी खांद्याचा आधार काढला. सोव्हिएत रशियात क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने १९६५ पासून ‘फोटोस्नायपर’ विकला: झेनिट कॅमेरा, ३०० मिलिमीटरची ताइर लेन्स आणि सरळसरळ रायफलचा दस्ता. आज असलं काही खांद्याला लावून विमानतळाजवळ उभं राहायचं धाडस कोणी करणार नाही. पण आजही लांब लेन्स हातात धरायला शिकवताना कोपर बरगडीला टेकवायला आणि कपाळ कॅमेऱ्याला लावायला सांगतात, तो धडा याच घराण्यातला आहे.

भारतात एम. कृष्णन यांनी वेगळा मार्ग काढला. मद्रासचे हे निसर्गलेखक (१९१२–१९९६) आयुष्यभर कृष्णधवल फोटो काढत राहिले. आपला कॅमेरा आणि लेन्स त्यांनी स्वतः जुळवून बनवली होती आणि त्या अवजड जोडणीला ‘सुपर पोंडेरोसा’ असं नाव ठेवलं होतं. ती घेऊन ते बऱ्याचदा पाळीव हत्तीच्या पाठीवरून रानात जात. हत्ती जवळ गेला तरी रानातली जनावरं तितकीशी बुजत नाहीत, हा मोठा फायदा. पण हत्ती श्वास घेतो, पाय बदलतो, कान हलवतो. त्या डुलत्या बैठकीवरून, हातातलं धूड सांभाळून, संथ फिल्मवर घेतलेली त्यांची जनावरं पाहिली की माणसाच्या हातात किती संयम असू शकतो ते कळतं.

ट्रायपॉडचा इतिहास लांबलचक आहे, पण त्यातलं वळण एकच महत्त्वाचं. लाकूड गेलं, पितळ गेलं, ॲल्युमिनियम आलं आणि १९९४ मध्ये फ्रेंच गिट्झो कंपनीने कार्बन फायबरचे पाय आणले. आधार देणारी वस्तू स्वतः ओझं नसावी, हे तोवर कोणाला साधलं नव्हतं. त्याच दशकात अमेरिकेच्या विंबर्ली बाप-लेकांचं गिंबल हेड पक्षी टिपणाऱ्यांमध्ये पसरलं. साध्या हेडवर लेन्स वर बसते आणि पेच सैल केला की पुढे कोसळते. गिंबलमध्ये ती आसाच्या पातळीत टांगलेली असते. पुढे-मागे सरकवून तोल एकदा साधला की पाच किलोची लेन्स एका बोटाने फिरते आणि सोडली तिथेच थांबते.

ताडोब्याच्या जिप्सीत मात्र ट्रायपॉडला जागा नसते. तिथे सगळ्यांत जुनं साधन चालतं: पिशवी. बीनबॅग घरून रिकामी नेतात, चंद्रपूरला किंवा मोहर्लीच्या दुकानात तांदूळ घेऊन भरतात. ती गच्च भरायची नाही. दोन तृतीयांश भरली की लेन्स तिच्यात रुतून बसते. गच्च भरली तर वरून घसरते. काही जण राजमा किंवा हरभरा पसंत करतात, कारण पावसाळी हवेत तांदूळ ओल धरतो. थर्माकोलचे मणी हलके खरे, पण भाराखाली दबून पळतात. जिप्सीच्या आडव्या दांडीवर पिशवी, पिशवीवर लेन्स, ड्रायव्हरला इंजिन बंद करायची खूण, आणि मग तास-दीड तास पाणवठ्याकडे बघत बसणं. या तास-दीड तासात दंडाला काही करावं लागत नाही, हेच त्या पिशवीचं देणं. सफारी संपली की तांदूळ बहुतेक गाइडच्या किंवा रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात जातात.

वानखेडेच्या सीमारेषेवर पिशवीही चालत नाही. तिथे मोनोपॉड. एक पाय लेन्सचा, दोन आपले. अख्खा दिवस भार जमिनीत जातो. हाताला फक्त दिशा द्यायची असते. चारशे एफ/२.८ घेऊन कसोटीचे पाच दिवस बसणाऱ्याला विचारलं तर तो लेन्सइतकाच आपल्या बसायच्या खुर्चीबद्दल बोलेल. आणि एक गोष्ट नवशिक्याला आवर्जून सांगेल: पट्टा कॅमेऱ्याला नको, लेन्सच्या पायाला लाव. एवढ्या मोठ्या लेन्सपुढे कॅमेरा म्हणजे मागचं शेपूट. शेपटाला धरून उचललं की माउंटवर ताण येतो.

सिनेमावाल्यांनी हा प्रश्न कमरेपाशी सोडवला. भरलेली घागर हात लांब करून दोन मिनिटंही धरवत नाही, कडेवर घेतली की विहिरीवरून घरी येते. वजन तेच, फक्त ते शरीराच्या मध्याजवळ येऊन हाडांमधून खाली उतरतं. गॅरेट ब्राउनने १९७० च्या दशकात स्टेडिकॅम बनवला तो याच तत्त्वावर. स्प्रिंगच्या हाताने कॅमेरा अंगातल्या जाकिटाला जोडला आणि जाकिटाने तो भार कमरेवर सोडला. ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’ या १९७६ च्या चित्रपटांत तो जगाला दिसला. स्टेडिकॅमचं एकूण वजन काही कमी नव्हतं, उलट नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी माणूस तो घालून पायऱ्या धावत चढू शकला. १९९४ मध्ये स्वीडनच्या योहान हेलस्टेन या कॅमेरामनने ईझीरिग काढला: पाठीमागून डोक्यावर आलेला दांडा, त्यातून लोंबणारी दोरी, दोरीला कॅमेरा. दिसायला विचित्र, पण मान-खांद्याची झीज त्याने जितकी वाचवली तितकी क्वचितच कशाने वाचवली असेल.

आणि तरीही सेटवर लेन्स माणसाच्याच हातातून जाते. आंजेन्यूची २४-२९० ही झूम एकटीच सुमारे अकरा किलोंची. ती बदलताना मुंबईच्या सेटवर पाहावं. अटेंडंट पेटी उघडतो, एक हात खाली, एक हात पुढे, अशी लेन्स उचलतो. असिस्टंट माउंटची कडी सैल करून थांबलेला असतो. ‘पकडली?’ ‘पकडली.’ समोरून उत्तर आल्याशिवाय हात सुटत नाही. मग खाली सपोर्टच्या नळ्यांवर टेकू लागतो, कडी घट्ट होते आणि तेव्हाच दोघं मागे सरतात. या अटेंडंटांची पाठ हा आपल्या सिनेमाचा एक न मोजलेला खर्च आहे. कॅमेऱ्यासोबत ते भाड्याने येतात, पहाटे पहिले येतात, पॅकअपनंतर शेवटचे जातात.

शेवटी भार काचेतूनच काढायचा प्रयत्न झाला आणि तो मोठा रंजक आहे. १९६९ मध्ये कॅननने प्रयोगशाळेत वाढवलेल्या फ्लोराइटच्या स्फटिकाचं भिंग लेन्समध्ये बसवलं. नैसर्गिक फ्लोराइटचे मोठे निर्दोष तुकडे मिळत नाहीत, म्हणून तो भट्टीत वाढवावा लागला. रंग फुटू न देण्यात तो काचेपेक्षा सरस, आणि त्याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या खास काचेपेक्षा हलकाही. दुसरी कल्पना दीपस्तंभावरून आली. ओगुस्तां फ्रेनेलने १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपस्तंभासाठी भिंग बनवलं, तेव्हा त्याने भिंगाचा वळलेला पृष्ठभाग कड्याकड्यांनी ठेवला आणि आतली जाडी काढून टाकली. त्याच्या कड्यांचीच अतिसूक्ष्म वंशावळ म्हणजे २००१ ची कॅननची ४०० मिलिमीटर डीओ आणि २०१८ ची निकॉनची ५०० मिलिमीटर पीएफ. ही दुसरी फक्त १४६० ग्रॅमची आहे, एफ/५.६ म्हणून दारही लहान. मात्र उजेड समोरून आला की तिच्यात चमकत्या दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. सूर्याविरुद्ध फोटो काढणाऱ्याने हे जाणूनच ती घ्यावी.

पण १५० मिलिमीटरच्या दारावर खरा तोडगा निघाला तो मांडणीत. कॅननची ६०० एफ/४ १९८८ मध्ये सहा किलोंची होती. १९९९ मध्ये ५३६० ग्रॅम, तिच्या पुढच्या आवृत्तीत ३९२०, आणि २०१८ मध्ये ३०५०. तीस वर्षांत जवळपास निम्मी. दार तेवढंच. केलं काय, तर पुढे एकच मोठं भिंग ठेवलं आणि बाकीची जड भिंगं बरीच मागे नेली. आत आलेला प्रकाश शंकूसारखा निमुळता होत जातो, त्यामुळे मागे ठेवलेलं भिंग आपोआप लहान आणि हलकं होतं. वर तोलही मागे सरकतो, लेन्स पुढे लवंडत नाही, आणि डाव्या मनगटाला वजनातल्या फरकाहूनही मोठा फरक जाणवतो. १९९५ पासून लेन्समध्ये आलेल्या स्टॅबिलायझेशनने चित्रातला कंप घालवला होता. दंडातली कळ त्याने कधीच घालवली नव्हती. ती या फेरमांडणीने कमी झाली.

भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीत बसून आज बरेच जण ६०० ची लेन्स नुसत्या हाताने उचलून रोहित टिपतात. वीस वर्षांपूर्वी हे पैलवानाचं काम होतं. साठी ओलांडलेल्या, खांदा दुखावलेल्या, अंगाने बारीक असलेल्या कितीतरी जणांना आता लांब लेन्स वापरता येते, ही मला या सगळ्या मागोव्यातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. वाचलेल्या तीन किलोंचं पुढे काय होतं, तेही त्याच होडीत दिसतं: दुसरा कॅमेरा, त्यावर शंभर-चारशेची झूम, जास्तीच्या बॅटऱ्या. बॅग पूर्वीइतकीच जड असते, आणि काठावर उतरताना ती धरायला नावाडीच हात पुढे करतो.