मिजास, माज आणि मग्रुरी

माणसाच्या ताठ्याला मराठीत जितके शब्द आहेत तितके त्याच्या नम्रतेला नाहीत, याचे मला फार दिवसांपासून नवल वाटत आले आहे. गर्व, दर्प, माज, मस्ती, मिजास, दिमाख, शेखी, मग्रुरी... फराळाच्या ताटासारखी प्रत्येकाची चव निराळी!

मिजासच घ्या. अरबी 'मिजाज' म्हणजे मिश्रण. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांच्या मिश्रणाने माणसाची प्रकृती ठरते, असे युनानी वैद्यक मानते. त्या प्रकृतीचे नाव मिजाज. उर्दूत कोणी मिजाजाची चौकशी केली, तर त्याने नुसते क्षेमकुशल पुसलेले असते. मराठीत 'त्याची मिजास पाहा' म्हटले की भांडणाला तोंड फुटलेच! दिमाखाचीही तीच गत. मुळात तो मेंदू. हिंदीत अजून मेंदूच आहे. आमच्याकडे तो डोक्यातून निघाला आणि पोशाखात, चालीत, वरातीत जाऊन बसला. माझा तर्क असा की, हे शब्द आम्ही पोथ्यांतून शिकलो नाही. देवडीवर ताटकळत उभे असताना ऐकले. बाहेर उभ्या असलेल्याला आतल्याची प्रकृती कुठून दिसणार? त्याला दिसतो तो ताठा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दप्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले खरे, पण रागाच्या भरात तोंडातून निघणारा शब्द कोणता कोश बदलणार?

मग्रूर म्हणजे मूळ अरबीत फसलेला, भुललेला. गर्विष्ठ माणूस स्वतःविषयीच फसलेला असतो, हे निदान एका शब्दात झाले.

अभिमानाचा प्रवास मात्र उलटा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो आसुरी संपत्तीत बसला आहे. एकोणिसाव्या शतकात देशाभिमान, भाषाभिमान हे शब्द बोलबाल्याचे झाले. १८७४ साली निघालेली चिपळूणकरांची निबंधमाला तर त्या अभिमानावरच उभी. परसत्तेखाली वाकलेल्या माणसाला ताठ उभे राहण्यासाठी एक शब्द हवा होता, तो त्याने असुरांच्या यादीतून उचलला. (हल्ली हिंदीच्या वाऱ्याने 'मला गर्व आहे' असेही म्हणतात, माझ्या कानाला ते खटकते.)

राहिला माज. अद्यचे आज झाले, विद्युत्ची वीज झाली, तसे 'माद्यति'चे माजणे. ऋग्वेदातला मद हा सोमपानाचा उल्हास, इंद्राला प्रिय. मौज अशी की, संस्कृत 'मत्त' आणि फारसी 'मस्त' हे एकाच धातूचे सख्खे भाऊ. एक पोथीतून आला, दुसरा दरबारातून. शेतकरी 'म्हैस माजावर आली' म्हणतो, त्यात निंदेचा लवलेश नसतो. हत्तीच्या गंडस्थळातून मद पाझरू लागला की माहूत त्याला साखळदंडाने बांधून ठेवतो आणि मद उतरण्याची वाट पाहतो. त्या हत्तीला मग्रूर कोणी म्हणत नाही.