मर्चिसन अशनी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मर्चिसन गावाच्या परिसरात 28 सप्टेंबर 1969 रोजी सकाळी अकराच्या सुमारास पडलेला कार्बनयुक्त अशनी. तो आकाशातच फुटला आणि त्याचे तुकडे दूरवर विखुरले. गोळा झालेल्या तुकड्यांचे एकत्रित वजन 100 किग्रॅ.पेक्षा अधिक भरते. सजीवांना लागणारे कार्बनी रेणू अवकाशात बनू शकतात का, या प्रश्नावरील चर्चा गेली पन्नासहून अधिक वर्षे बऱ्याच अंशी याच दगडाच्या आधाराने झाली आहे. या नोंदीतही त्याच्या रसायनाला झुकते माप दिले आहे.

खनिजे व वर्गीकरण : सीएम 2 गटातील कॉन्ड्राइट, पाण्याच्या संपर्काने बदललेली मातकट खनिजे विपुल.

रासायनिक अभ्यास : हा अशनी पडला तो काळ त्याच्या पथ्यावर पडला. दोनच महिन्यांपूर्वी अपोलो 11 चे अंतराळवीर चंद्रावरची माती घेऊन परतले होते आणि तिच्यातील अत्यल्प कार्बनी द्रव्य शोधण्यासाठी प्रयोगशाळा सज्ज झाल्या होत्या. चंद्राच्या मातीने फारसे काही दिले नाही; मर्चिसनने दिले. त्याआधी अशनींत जीवांच्या खुणा मिळाल्याच्या दाव्यांची पत मात्र पार घसरलेली होती. 1864 मध्ये फ्रान्समध्ये पडलेल्या ऑर्गेय अशनीत सूक्ष्मजीवांसारख्या आकृती दिसल्याचे 1961 मध्ये जाहीर झाले आणि त्यांतील काही पृथ्वीवरचे परागकण निघाले. त्याच अशनीच्या एका तुकड्यात तर कोणीतरी वनस्पतीचे बी डिंकाने चिकटवून ठेवल्याचे 1964 मध्ये उघड झाले. म्हणून नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील कीथ क्वेनव्होल्डन, श्रीलंकेत जन्मलेले सिरिल पोन्नम्पेरुमा आणि त्यांचे सहकारी यांनी 1970 मध्ये मर्चिसनमध्ये ॲमिनो आम्ले सापडल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना केवळ ‘सापडली’ एवढे सांगून भागणार नव्हते. ग्लायसीन काय, बोटांच्या ठशातूनही मिळते. त्यांच्या निष्कर्षाला वजन आले ते दोन गोष्टींमुळे. सजीवांच्या प्रथिनांतील ॲमिनो आम्ले जवळजवळ सर्वस्वी ‘डाव्या’ रचनेची असतात. येथे डावे व उजवे रेणू जवळपास समसमान होते. शिवाय प्रथिनांत कधीच न आढळणारी, 2-मिथिल ॲलनीनसारखी आम्लेही सोबत होती.

यांपैकी पहिला पुरावा एकट्याने पुरेसा नाही, हे बहुतेक लोकप्रिय लेखनात सुटून जाते. डावे रेणू पाण्यात दीर्घकाळ राहिले, की त्यांतले काही उजवे होत जातात आणि अखेरीस दोन्ही सारखे होतात. त्यामुळे समसमान प्रमाण ताजी भेसळ नाकारते, एवढेच. फार जुन्या, मेलेल्या जीवसृष्टीची शक्यता त्याने नाकारली जात नाही. ती शंका दुसऱ्या पुराव्याने मिटते. सजीव निवडक रेणू बनवतात, तेच पुन्हा पुन्हा बनवतात. मर्चिसनमध्ये याच्या अगदी उलट चित्र दिसते. अमुक इतके कार्बन अणू घेऊन ॲमिनो आम्लाच्या जितक्या रचना जुळवता येतील, त्यांतल्या बहुतेक सगळ्या तेथे आहेत, आणि कार्बन अणूंची संख्या वाढेल तसे त्यांचे प्रमाण घटत जाते. पुढील दशकांत तेथील ॲमिनो आम्लांची यादी ऐंशीच्या पुढे गेली. 2010 मधील एका विश्लेषणात विद्राव्य द्रव्यात हजारो वेगवेगळी रेणुसूत्रे मोजली गेली. निवड न करता घडलेल्या रसायनाची ही खूण आहे. कोणता रेणू सापडला यापेक्षा रेणूंची वाटणी कशी आहे, यावर या विषयातला सगळा युक्तिवाद उभा आहे.

तिसरा आधार समस्थानिकांचा. मर्चिसनमधील ॲमिनो आम्लांत ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, पृथ्वीवरील कोणत्याही जैव द्रव्यापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे 1987 मध्ये दिसले. ड्यूटेरियमचा असा साठा निरपेक्ष शून्याच्या जवळ थंडगार असलेल्या आंतरतारकीय मेघांत होतो. 2008 मध्ये झिटा मार्टिन्स आणि सहकाऱ्यांनी युरॅसिल व झँथीन या बेसमधील कार्बन तपासला. प्रमाणित मापाच्या तुलनेत त्यात जड कार्बन दर हजारी अनुक्रमे सुमारे 44 व 38 ने अधिक होता. पृथ्वीवरील सजीवांच्या कार्बनमध्ये हा आकडा ऋण असतो. अशनी जेथे पडला तेथील मातीतून हे रेणू आत झिरपले, हा आक्षेप निदान या दोन रेणूंपुरता येथे संपतो.

एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे. 1982 मध्ये मर्चिसनच्या काही प्रथिनजन्य आम्लांत डाव्या रेणूंचे आधिक्य असल्याचे जाहीर झाले, आणि ती भेसळच असल्याची टीका लगेच झाली. 1997 मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील जॉन क्रोनिन व सँड्रा पिझारेल्लो यांनी मुद्दाम आयसोव्हॅलीनसारखी आम्ले निवडली. ती सजीवांत क्वचितच आढळतात आणि त्यांचे डावे रूप सहजासहजी उजव्यात बदलत नाही. त्यांच्यातही डावे रेणू काही टक्क्यांनी अधिक निघाले. मग पृथ्वीवरच्या जीवांचा डावेपणा आकाशातून आला का? वर्तुळध्रुवित प्रकाशाने एका बाजूचे रेणू अधिक नष्ट केले असावेत, अशी एक कल्पना मांडली जाते. तिच्यावर एकमत नाही.

उत्पत्तिस्थान : ‘अवकाशात’ हा शब्द येथे दोन भिन्न जागा झाकतो. पहिली जागा म्हणजे धूलिकणांवरचे बर्फ. 2002 मध्ये नासा एम्स आणि युरोपातील अशा दोन गटांनी पाणी, मिथेनॉल, अमोनिया इत्यादींच्या अतिशीत बर्फावर अतिनील किरण सोडून ॲमिनो आम्ले मिळवली. अर्थात, उरलेला थर आम्लासह तापवल्यानंतर. दुसरी जागा लघुग्रहाचे पोट. किरणोत्सर्गी उष्णतेने तेथील बर्फ वितळले आणि आल्डिहाइडे, हायड्रोजन सायनाइड व अमोनिया यांच्यापासून पाण्यात ॲमिनो आम्ले बनली. मर्चिसनमध्ये ॲमिनो आम्लांच्या जोडीने तशाच सांगाड्याची हायड्रॉक्सी आम्लेही मिळतात, हे या दुसऱ्या मार्गाच्या बाजूने बोलते. दोन्ही मार्ग परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही: कच्चा माल थंड मेघातला, त्याची जुळणी लघुग्रहात, ही मांडणी ड्यूटेरियमचाही उलगडा करते. धनू राशीतील मेघात ग्लायसीन दिसल्याचा 2003 मधील रेडिओ निरीक्षणांचा दावा मात्र दोन वर्षांतच खोडला गेला. 67पी धूमकेतूभोवती ग्लायसीन असल्याचे रोझेटा यानाने नोंदवले (2016).

अलीकडील पडताळा : अशनी जमिनीला टेकला की शंका सुरू होते, लघुग्रहावरूनच नमुना आणणे हा तिच्यावरचा सरळ उपाय. जपानच्या हायाबुसा 2 ने 2020 च्या अखेरीस र्‍युगूवरून सुमारे 5.4 ग्रॅम द्रव्य आणले व त्यात युरॅसिल मिळाले. ओसायरिस-रेक्सने 2023 मध्ये बेन्नूवरून 121.6 ग्रॅम आणले. 2025 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यात प्रथिनांतील 20 पैकी 14 ॲमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे पाचही बेस आहेत. डावे-उजवे रेणू मात्र जवळपास समसमान आहेत. म्हणजे रेणू अवकाशात बनतात ही गोष्ट बेन्नूने पक्की केली आणि डावेपणाही तेथूनच आला, या तर्काला धक्का दिला.

हे रेणू पृथ्वीवर बनूच शकले नसते, असा याचा अर्थ नाही. स्टॅनली मिलर यांनी 1953 मध्ये वायूंच्या मिश्रणात विद्युत ठिणग्या सोडून ॲमिनो आम्ले मिळवली होतीच, आणि त्यांच्या नंतरच्या प्रयोगांतील आम्लांची यादी मर्चिसनशी बरीच जुळते. हे साम्य कधी अवकाशवादाविरुद्ध मांडले जाते. वास्तविक ते इतकेच दाखवते, की साधे कच्चे पदार्थ, पाणी आणि ऊर्जा असेल तेथे असे रसायन घडते, मग जागा कोणतीही असो. पृथ्वीवर पडताना सारे जळून जात असेल, हा आक्षेपही टिकत नाही: उष्णतेने वितळते ते बाहेरचे पातळ कवच, आतला दगड थंडच राहतो. अनुत्तरित आहे तो पुढचा टप्पा. मर्चिसनमध्ये दहा लाख भागांत काही दशक भाग ॲमिनो आम्ले आहेत. इतके विरळ रेणू आद्य पृथ्वीवर एकत्र येऊन साखळ्या कशा बनल्या, याविषयी हा दगड काही सांगत नाही.

जीवच अवकाशातून आले, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचे मत ही निराळी बाब आहे. तिच्या संदर्भात जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 2001 व 2005 मध्ये हैदराबादहून बलून सोडून उच्च वातावरणातील सूक्ष्मजीवांचे नमुने घेण्यात आले. 2005 च्या नमुन्यांत तीन नव्या जाती मिळाल्या. या तपासात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा सहभाग होता. त्या जाती पृथ्वीबाहेरच्या असल्याचे सिद्ध झालेले नाही.

नमुने : मोठा साठा शिकागोच्या फील्ड संग्रहालयात. त्यातून वेगळे केलेले सिलिकॉन कार्बाइडचे काही कण सूर्यमालेहून जुने असून, सर्वांत जुन्यांचे वय 2020 च्या अभ्यासात सुमारे 7 अब्ज वर्षांपर्यंत काढण्यात आले.