फाइलचा अंगठ्याचा ठसा

भारतातून हार्ड डिस्कवर आणलेले आजी-आजोबांचे फोटो, मुंजीचं जुनं चित्रीकरण, स्कॅन केलेली पत्रं आपल्यापैकी अनेकांकडे आहेत. ती नव्या डिस्कवर उतरवताना काही बिघडलं नाही ना, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी संगणकवाल्यांनी एक युक्ती काढली: फाइलचा ठसा. त्याला चेकसम किंवा हॅश म्हणतात.

एमआयटीचे प्राध्यापक रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये एमडी५ ही पद्धत तयार केली. फाइल एका पानाची असो की तीन तासांच्या सिनेमाची, तिचा ठसा ३२ चिन्हांचाच. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो.

अपघातानं झालेला बिघाड यातून पकडता येतो. मुद्दाम केलेल्या लबाडीचं काय? जर्मनीच्या हान्स डॉबर्टिन यांनी १९९६ मध्येच एमडी५ चे कच्चे दुवे दाखवले. २००४ मध्ये चीनच्या श्याओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा काढून दाखवला. तरीही एमडी५ वापरात राहिली. २०१२ मध्ये 'फ्लेम' हा हेरगिरीचा व्हायरस सापडला. याच दोषाचा फायदा घेऊन तो मायक्रोसॉफ्टच्या खोट्या डिजिटल सहीनं, विंडोज अपडेटचं सोंग घेऊन संगणकात शिरत होता. पहिल्या इशाऱ्यानंतर तब्बल १६ वर्षांनी!

१९९५ च्या शा-१ चीही तीच गत झाली. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या. ६४ चिन्हांची शा-२५६ मात्र आजही भक्कम आहे.

ती वापरायला वेगळं सॉफ्टवेअर नको. २०१३ पासून विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा आहे. तिच्यापुढे फाइलचं नाव लिहा, शा-२५६ चा ठसा समोर येतो. मूळ फाइल आणि प्रत यांचे ठसे तंतोतंत जुळले, तर प्रत चोख.

मात्र मूळ फाइलच आधी बिघडलेली असेल, तर ठसा ते सांगत नाही. म्हणून फोटो शाबूत आहेत तोवर ठसे काढून वेगळ्या जागी जपून ठेवा, वर्षातून एकदा पडताळा. आणि ठसे जुळल्याशिवाय जुनी डिस्क टाकून देऊ नका!